लालबीच्या डोक्यावरचं अंगण

लालबीला कुणी हट्टी म्हटलं तर ती रागवायची नाही. पदर खोचून विचारायची, "व्हय, मग?" तिला शहाणपण शिकवायला गेलेला माणूस थोड्या वेळानं तिच्याच घरी चहा पिताना दिसायचा. शिरूरच्या जुन्या पेठेत तिचं चार खणांचं घर होतं. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळया, फळ्या आणि त्यांवर हातभर पांढरी माती. नवरा सिद्दीक लवकर गेला. शिवणकाम करून तिनं एकुलत्या अजीमला वाढवलं, रांजणगावच्या कारखान्यात चिकटवलं, आणि एवढं केल्यावर पोरगा आपलं ऐकेल असं ती धरून चालली. तिथंच तिचा अंदाज चुकला.

नव्याण्णव सालच्या उन्हाळ्यात अजीमनं माळवद काढून पत्रे टाकायचं ठरवलं. खरं सांगायचं तर त्याचं काही चुकत नव्हतं. तुळयांना वाळवी लागली होती, पावसाळ्यात घरभर भांडी मांडावी लागत आणि वर कुणी चाललं की खाली ताटात माती पडायची. माती पडली की अजीम ताट सरकवून उठायचा. कारखान्यात चार माणसं आपल्याला साहेब म्हणतात आणि घरी आपण माती घातलेलं वरण खातो, हे त्याला सोसत नव्हतं.

लालबीचा जीव मात्र तुळजाबाईसाठी अडकला होता. शेजारच्या घरात खाली दुकान आणि वर तुळजाबाई एकटी. गुडघे गेल्यापासून दुकानाच्या मागचा तो उभा लाकडी जिना तिला उतरता येत नव्हता. पण तिच्या स्वयंपाकघराचं मागचं दार थेट लालबीच्या माळवदावर उघडायचं. दोन पायऱ्या उतरल्या की झालं. सकाळचं ऊन, डब्यातली तुळस, गल्लीतल्या बायकांशी बोलणं, सगळं तिथंच. लालबीच्या चुलीचा धूर जायला माळवदात एक भोक होतं, त्याला सवणं म्हणत. दुपारी तुळजाबाई त्या सवण्याशी येऊन बसायची आणि वाकून विचारायची, आज काय शिजतंय. कोणाच्या सुनेपासून कोणाच्या शेळीपर्यंत सगळं त्या भोकातून वरखाली व्हायचं. लालबीचं छप्पर हेच तुळजाबाईचं अंगण होतं, आणि उतरत्या पत्र्यावर म्हातारं माणूस बसू शकत नाही.

लालबीनं हे लेकाला सांगून पाहिलं. तुमच्या गप्पांपायी घर अंगावर पाडून घ्यायचं का, असं तो म्हणाला. लालबी गप्प बसली. ती गप्प बसली म्हणजे काहीतरी भानगड आहे, हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही कळायचं. अजीमला तेवढं कळलं नाही.

ठरल्या दिवशी वरवंडचा म्हाळू मिस्त्री गडी आणि पहारी घेऊन आला. शिडी लावून वर गेला आणि तसाच खाली उतरला. वर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळं माळवद कुरडयांनी भरलेलं, आणि त्याही अख्ख्या गल्लीच्या. ओल्या कुरडईला हात लावला की ती मोडते, आणि दुसऱ्याच्या घरचं वाळवण मोडणाऱ्याला पेठेत पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कुणी पाणीसुद्धा विचारत नाही. मिस्त्री शहाणा होता, त्यानं पहार भिंतीला टेकवली. लालबीनं त्याला गव्हाचा गरम चीक साखर घालून दिला. त्यानं दुसरी वाटी मागून घेतली.

कुरडया वाळल्या तोवर उडदाचे पापड आले. पापड उचलले तर सांडगे, सांडगे भरले तर शेवया. जिच्या घरात आजवर विकतचेच पापड यायचे ती मुक्ताबाईदेखील परातभर पीठ मळून हजर झाली. पत्रे अंगणात पडून होते, त्यांवर लालबीनं मिरच्या पसरल्या. मिस्त्री रोज येऊन, खाऊन, कामाला खूप अडचण आहे असं अजीमला सांगून जायचा.

शेवटी सुट्टीच्या दिवशी अजीम रागानं स्वतःच शिडी चढला. होतं नव्हतं ते गोळा करून खाली द्यायचं, असंच ठरवून. वर तुळजाबाई काठी घेऊन शेवयांवरचे कावळे हाकत होती. तिनं त्याला जवळ बसवलं. आता बोलणी खावी लागणार, असं त्याला वाटलं.

"अजीम, आईचं ऐकू नगंस," ती म्हणाली. "ही तुळई कवाबी बसंल. खाली ती आसती दिवसभर. तिच्या अंगावर माती पडली तर मी हितलं ऊन घिऊन काय करू? टाक पत्रा."

"आन् मावशी, तुम्ही?"

"मी यीन की खालून. जिना हाय न्हवं."

खाली चुलीपाशी लालबीला सवण्यातून शब्द न् शब्द ऐकू आला. जिच्यासाठी तिनं पोटच्या पोराशी उभा दावा मांडला होता, ती तिच्यासाठी आपलं अंगण सोडायला निघाली होती. लालबीला रडू आवरेना. चुलीचा धूर कामाला आला.

वर अजीम नुसता बघत राहिला. तुळजाबाई दोन्ही हात टेकून उठली, आणि त्या दोन पायऱ्या चढायला तिला मधे थांबावं लागलं. आई शिवणाचे कपडे पोचवायला जायची तेव्हा याच दारात बसून तो या बाईच्या हातची भाकरी खायचा. जिना हाय म्हणे.

तो खाली आला आणि मिस्त्रीला बोलावणं धाडलं. पुढच्या तीन खणांवर पत्रा टाका, उतार रस्त्याकडं ठेवा आणि मागच्या स्वयंपाकघरावर नव्या तुळया घालून माळवदच करा, असं त्यानं सांगितलं. असं अर्धं न् अर्धं घर बघून लोक हसतील, असं मिस्त्री म्हणाला. हसू द्या, म्हणाला अजीम. पांढरी माती आली, गल्लीतल्या बायकांनी ती पसरून चोपून घट्ट केली, आणि तुळजाबाईनं दारात बसून प्रत्येकीच्या चुका काढल्या. लालबीनं सवणं मात्र जुन्यापेक्षा बोटभर मोठं करून घेतलं.

काम उरकल्यावर अजीम दुपारी जेवायला बसला. वर काठीचा आवाज झाला आणि नव्या मातीची चिमूट नेमकी त्याच्या भातावर पडली. लालबीचा वाढता हात थांबला. तिनं लेकाच्या तोंडाकडं पाहिलं.

अजीमनं बोटानं तेवढा भात कडेला सारला आणि वर बघितलं.

"मावशी, सावकाश बसा," तो म्हणाला, आणि ताट पुढं ओढून त्यानं आईकडं अजून वरण मागितलं.