उंबऱ्यावरचं ताट

डॉक्टरांनी माझं पोट दाबून पाहिलं, गोळ्या लिहिल्या आणि वर फर्मान काढलं: मांडी घालून बसायचं, जेवायला वीस मिनिटं द्यायची, घास बत्तीस वेळा चावायचा, मन ताटात ठेवायचं. सांगणारा हदगावचा. अकरावी-बारावीची दोन वर्षं लातूरला माझ्याच मेसमध्ये जेवलेला.

तेव्हा याचं मन कुठं असायचं, ते मला विचारा. तांब्याला वही टेकवायची, डोळे वहीत, हात ताटात. एकदा अख्खी हिरवी मिरची चावली. डोळ्यांतून पाणी आलं, पण पान उलटायचं थांबलं नाही. क्लासची सगळी पोरं तशीच, पाच मिनिटांत ताट रिकामं. मीही भाकरी चुरूनच वाढायची, लेकरांचा तेवढाच वेळ वाचावा म्हणून. आता तोच मला चावायला शिकवत होता.

"हसू नका मावशी. पोटातली जखम वाढली तर ऑपरेशन करावं लागंल," तो म्हणाला.

ऑपरेशन म्हटल्यावर माझं हसू पळालं. पण घरी गॅसवर कुकर. शिट्ट्या मोजू की घास? पुढच्या खेपेला मी सरळ ठोकून दिलं, "बसूनच जेवून राहिले की!"

"मग रविवारी येतो जेवायला. बघतो."

आला. मी त्याला वाढलं आणि सवयीनं माझं ताट हातात घेऊन उंबऱ्यावर उभी राहिले, एक पाय बाहेर टाकून.

"उभ्या का?"

"बसले होते कधी मी?"

दोन वर्षं हा माझ्यासमोर जेवला आणि हे आत्ता विचारत होता! मग सांगितलं. भूकंपात आमचं गाव गेलं, सासूबाई गेल्या. नंतर कित्येक महिने जमीन हलत राहिली, भरल्या ताटावरून उठून पळावं लागायचं. शेवटी मी बसायचंच सोडून दिलं. पुढं लातूरला आलो, पक्कं घर झालं, मेस जोरात चालली. जमीन तर कधीचीच शांत झाली होती. मलाच कुणी कळवलं नव्हतं.

"छताखाली बसून घास घ्यायची भीती वाटते रे अजून," मी म्हणाले. हे मी घरातही कुणाला बोलले नव्हते.

आता बत्तीसवर भाषण येणार, अशी माझी तयारी होती. पण त्यानं ताट उचललं, अंगणात गेला आणि फरशीवर मांडी घातली. "या मावशी. इथं डोक्यावर काय पडणार?"

मी त्याच्यासमोर बसले. गुडघे कुरकुरले, पण बसले. दोघंही हळूहळू चावत होतो, रवंथ करणाऱ्या म्हशींसारखे. भाकरी गोड लागली. तिसऱ्या घासाला मी थांबले.

"वरणात मीठ लई झालंय का रे?"

त्यानं अंगठ्यानं वरण चाटून पाहिलं. "हाव. लई हाय."

"तेव्हापण एवढंच असायचं?"

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. "खरं सांगू मावशी? दोन वर्षं जेवलो, पण तुमच्या हातची चव आठवतच न्हाई."

मला राग यायला हवा होता. पण मला तरी कुठं आठवत होती?