ओट्याखालच्या चार वड्या

नालासोपाऱ्याच्या बाजारात, पुलाच्या पायथ्याशी तो पिंजरे आणि उंदरांच्या औषधाच्या वड्या विकायला बसायचा. दुपारचा डबा चमच्याने खायचा. भाकरीसुद्धा चमच्यानेच तोडायचा, बोट म्हणून लावायचा नाही. मला त्याचं हसू यायचं.

एकदा मी त्याच्याकडे पिंजरा घ्यायला गेले. आदल्या दिवशी त्याच्याच चार वड्या ओट्याखाली ठेवल्या होत्या, पण उंदरांनी त्यांना तोंड लावलं नव्हतं.

“घरात कोन कोन असतं?” त्याने विचारलं.

“सासूबाई आणि रांगती मुलगी.”

“सासूबाईंना सांगितलंत ना, वड्या कुठं ठेवल्यात?”

“छे! आमच्याकडे औषधाचं नावही घरात काढत नाहीत. उंदरांना ऐकू जातं, मग ते खात नाहीत.”

तो चमचा पुसत होता. त्याचा हात थांबला.

“आमच्याकडं पन कोनी बोललं नव्हतं,” तो म्हणाला.

पिंजरा तिथेच टाकून मी घराकडे धावले. जिन्यातूनच ओरडत सुटले, “आई, ओट्याखाली विष आहे! विष!” शेजारची दारं उघडली. सासूबाई देवापाशी वाती वळत बसल्या होत्या, आणि मुलगी ओट्याखाली पालथी पडून हात लांबवत होती.

वड्या मोजल्या. चारही होत्या. तरी तिची बोटं मी पुन्हा पुन्हा धुतली.

तो अजून तिथेच बसतो, चमच्याने जेवतो. मी रोज समोरून जाते. त्याच्या घरी कोण रांगत होतं, हे विचारायला माझी जीभ रेटत नाही.