ज्यानं कंपनीतून काढलं, त्यानंच बुंदी वाढली

पिक्चरमध्ये कंपनी काढणारे दोन दोस्त भांडले की काचेच्या ऑफिसात ओरडतात. एक जण दार आपटून जाते, अन् पुन्हा कधी दिसत नाही.

आज दुसरबीडले लग्नाच्या पंगतीत बसलो, तर बुंदी वाढायले मावसभाऊ आला. ट्रॅक्टर भाड्यानं मिळवून देणारं ॲप आम्ही दोघायनं काढलं होतं. यानंच मले बाहेर काढलं.

"घे ना दादा, लाजून काऊन राह्यला?"

बाजूले मावशी, त्याची माय. तिले काहीच माहीत नाही. "कशी चालू हाय बाप्पा तुमची कंपनी?"

त्याचा हात थांबला.

"मस्त चालू हाय, मावशी," मीच म्हटलं.

त्यानं वाढलेली बुंदी खाल्ली, ताट साफ केलं.

मांडवाले दार नसते हो. सांगा, मी काय आपटून जाऊ?