वाचनालयातली माझी प्रत

कादंबरी छापून आली त्या वर्षी मी एका जागी पाच मिनिटं धड बसले नसेन. घाटकोपरच्या ऑफिसात टाइप करता करता उठायचे, सुटल्यावर नाहूरला न उतरता पुढे मुलुंडला जायचे, आणि वाचनालयाच्या कपाटात आपलं पुस्तक आहे की कोणी नेलंय ते बघायचे. जागेवर दिसलं की डोकं फिरायचं.

तिथल्या सभासदांना एक खोड होती. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने शेरे मारायचे. ग्रंथपाल बाई त्यावरून ओरडायच्या आणि आधी तेच पान वाचायच्या. माझ्या पुस्तकावर लिहिलं होतं, ‘गोष्ट कधी सुरू होणार?’ त्याखाली, ‘चाळीस पानांनंतर सोडले.’ त्याखाली तिसऱ्याच अक्षरात, ‘नशीबवान आहात.’ एका भल्या माणसाने लिहिलं होतं, ‘लोणच्याची कृती मात्र अचूक.’

कादंबरी सरळ जात नव्हती हे मला मान्य आहे. नायिका बाजारात निघाली की वाटेत तीन पिढ्या भेटायच्या आणि बाजार राहून जायचा. पण मी ती चार वर्षं लिहिली होती. कोणीतरी एकाने ती खरोखर वाचावी, एवढंच मला हवं होतं.

तो कोणीतरी आई नको, हेही तितकंच खरं. माझी मावशी आमच्याच घरात राहायची आणि आमच्याच घरात काविळीने गेली. आई त्यावर कधी चकार शब्द बोलली नव्हती, आणि मी मात्र तिला न विचारता ते मरण जसंच्या तसं लिहून मोकळी झाले होते. आईने पुस्तक मागितलं तेव्हा मी म्हटलं, “तुला नाही कळायचं गं ते, अवघड आहे.” ती चौथी शिकलेली. ती तांदूळ निवडायला बसली. मला माझीच लाज वाटली, तरी घरातली प्रत मी ऑफिसच्या कागदांखाली दडवून ठेवली.

पुढे वाचनालयातली प्रत उसवली म्हणून बाइंडिंगला गेली. वाचून वाचून उसवली, असं मी स्वतःला पटवलं. ती परत आल्यावर महिन्याभराने तिथल्या वाचकांनी मला चर्चेला बोलावलं. सगळे चहाची वाट बघत बसले होते. शेवटी एक निवृत्त मास्तर उठले. म्हणाले, “वाक्य अर्ध्यावर तोडून, मेलेल्या मावशीला पुढच्याच पानावर जिवंत करता! काळाची काय मोडतोड केलीत हो!”

मी असलं काही केलंच नव्हतं. पण कौतुक इतकं दुर्मिळ होतं, की मी गंभीर चेहरा करून मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात चैन पडेना. संध्याकाळी वाचनालय गाठलं तर पुस्तक गेलेलं. नेणारीचं नाव आमच्या शेजारणीचं. तिने उभ्या जन्मात पंचांगाखेरीज काही वाचलं नव्हतं. मी तरातरा घरी आले. दार उघडंच होतं. आई खिडकीशी बसून, ओळीखाली बोट ठेवून, माझी कादंबरी वाचत होती.

मी पुस्तक जवळजवळ ओढूनच घेतलं आणि चाळलं. बाइंडरने सोळा पानांचा एक गठ्ठा पुढचा मागे शिवला होता, आणि कडा कापताना पानांचे आकडेही उडवले होते. म्हणून मावशी आधी मरत होती आणि मग बांगडे साफ करत होती. इतक्या लोकांनी वाचलं, कोणाला संशय नाही. बाई लिहितेच तशी, म्हणून सगळे पुढे गेले. बाइंडरचा राग यावा की माझ्या डुलणाऱ्या मानेचा, मला कळेना.

“माका एक सांग,” आई म्हणाली. “ती मेली मां? मगे परत बांगडे साफ करूक कशी बसली?”

इतक्या वाचकांत हे तिने एकटीने विचारलं. मी तिच्यासमोर खालीच बसले.

“चुकलंय ते. बाइंडरने पानं उलटसुलट शिवलीत. थांब, माझी प्रत देते, त्यात सगळं बरोबर आहे.”

“तेच्यात काय होता?”

“त्यात... आधी बांगडे. मग ती जाते.”

“आणि परत येणा नाय?”

“नाही.”

आईने माझ्या हातातून पुस्तक काढून घेतलं. पान शोधलं, बोट पुन्हा ओळीखाली ठेवलं.

“मगे तुझी तुझ्याकडेच ऱ्हवांदे,” ती म्हणाली. “माका हीच वाचूची हा.”