आईला बसवायची दिवाळी

आमच्या बिल्डिंगमधले किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. माळ्यावरच्या जुन्या पेपरांसारखे ते आपोआप साठतात. फरक एवढाच, की रद्दीवाला ते नेत नाही. गेल्या दिवाळीत तर इतके साठले, की आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझी सुटका नाही!

आम्ही मुलुंडला राहतो, पूर्वेला. बाबा गेल्यापासून घरात आई आणि मी, दोघीच. नवरात्र संपता संपता आईला चक्कर आली. डॉक्टरांनी ब्लडप्रेशर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि म्हणाले, "आई, आता दगदग एकदम बंद. ताण घ्यायचा नाही. या वेळी पडून राहायचं."

आई म्हणाली, "दिवाळी होऊ दे डॉक्टर. मग लगेच आजारी पडते!"

*

मी बी.ए.ला समाजशास्त्र घेतलं होतं. घरी येतानाच ठरवलं, की हा एकट्या आईचा प्रश्न नाही, समाजाचा आहे. बिल्डिंगमधली प्रत्येक बाई दिवाळीआधी पंधरा दिवस डबे घासते, जाळी काढते, भाजते, तळते आणि ऐन दिवाळीत कंबर धरून बसते. कशासाठी?

मी गच्चीवर मीटिंग बोलावली आणि जोरदार भाषण ठोकलं. प्रत्येक घराने एकच पदार्थ करायचा. दिवाळीच्या दिवशी सगळ्यांनी आणून एकत्र खायचा. साधी दिवाळी! टाळ्या पडल्या. 'आमच्या घरात एकच पदार्थ होईल' असा प्रत्येकीकडून मी शब्दही घेतला. कुणाचा पदार्थ कोणता, यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. आमचे सेक्रेटरी देशपांडेकाका. ऑफिसातून रिटायर झाले तरी त्यांचं ऑफिस सुटलेलं नाही. त्यांनी चिठ्ठ्या उचलून गंभीरपणे वाचल्या.

आईला शंकरपाळे आले. मी खूश. तळमजल्यावरच्या सावंतकाकूंना अनारसे आले. काकू मालवणच्या. त्या जागेवरून उठल्याच. "माका काय अनारसे जमणत नाय गो! जाळीच पडणा नाय!"

मी म्हटलं, "मग आपसात बदलून घ्या ना."

हे मी म्हणायला नको होतं. दुसऱ्या दिवशी जिन्यात चिठ्ठ्यांचा बाजार भरला. संध्याकाळी हिशेब लागला तेव्हा बिल्डिंगमध्ये सात घरी चिवडा होता! मी देशपांडेकाकांकडे तक्रार नेली.

काकांनी चष्मा पुसला. "नीला, लोकशाही आहे. बहुमत चिवड्याचं आहे."

*

फराळ कमी केला, पण मनातला ताण? त्याचं काय? मी पुस्तकात वाचून बायकांसाठी गच्चीवर शवासनाचा वर्ग काढला. गच्चीची किल्ली देशपांडेकाकांकडे, म्हणून तेही हजर.

सगळ्या सतरंजीवर आडव्या झाल्या. मी मऊ आवाजात म्हणाले, "डोळे मिटा. अंग सैल सोडा. मनात कुठलाही विचार नको."

छान शांतता पसरली. मग सावंतकाकूंचा आवाज आला, डोळे मिटलेलेच. "नीला, इचार नको म्हटलंस म्हणूनच एक इचार इलो गो. भाजणीत धने किती घालूचे?"

"वाटीभर," आई म्हणाली. तिचेही डोळे मिटलेले.

"वाटीभर? चकली काळी पडेल!" तिसरीकडून आवाज आला.

पुढची दहा मिनिटं सगळी गच्ची आडवी पडून, डोळे मिटून भांडत होती. एकाच माणसाचं अंग खरोखर सैल सुटलं होतं. देशपांडेकाका घोरत होते.

*

माझा खरा राग ताटांवर होता. एका घरून फराळाचं ताट येतं. ते रिकामं परत पाठवायचं नाही, म्हणून त्यात आपला फराळ भरून पाठवायचा. म्हणजे शेजारीण पाच पदार्थ करते म्हणून आपणही पाच करायचे. हे थांबायचं कुठे? मी जाहीर करून टाकलं, "या वर्षी ताटं बंद."

तरी वसुबारसेला सावंतकाकूंचं ताट आलंच. करंज्या! आई कासावीस झाली. "अगं, आपल्याकडे द्यायला काहीच नाही."

"काही द्यायचंच नाहीये," मी म्हटलं. करंज्या डब्यात ओतल्या, ताट धुतलं आणि स्वतः नेऊन दिलं. रिकामं. नियम म्हणजे नियम!

मी दोन जिने चढून घरी पोचते, तोवर काकू मागोमाग वर. धापा टाकत, डोळ्यांत पाणी.

"काय चुकला गो माझा?" त्या आईला विचारत होत्या. "शेजार तोडलंस?"

"मी नाही गं, ही!" आईने माझ्याकडे बोट केलं आणि तिलाही रडू आलं. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मी मध्ये उभी राहून साधेपणाचं महत्त्व समजावत होते.

त्या दिवशी डॉक्टरांनी आईचं प्रेशर मोजलं. वाढलेलं! "काय केलंत?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही हो," आई म्हणाली. "काहीच करू देत नाही ही, तेच तर!"

मला त्या रात्री झोप लागली नाही. बाबांच्या वेळीही आधी चक्करच आली होती.

*

दुसऱ्या दिवसापासून आई शहाण्यासारखी वागू लागली. शंकरपाळे केले आणि गॅस बंद. दुपारी म्हणाली, "काकूंकडे जरा बसून येते." मला बरं वाटलं. बसणं हेच तर हवं होतं!

तासाभराने मी खाली गेले. काकूंच्या स्वयंपाकघरात आई सोऱ्या फिरवत होती. परातीत चकल्यांचा ढीग.

"आणि काकू कुठायत?"

"देशपांड्यांच्या घरी. लाडू वळतायत."

मी ओरडले, "तू शब्द दिला होतास!"

"पाळला की," आई म्हणाली. "आमच्या घरात एकच पदार्थ होईल, असं तूच म्हणायला लावलंस ना? आमच्या घरात शंकरपाळेच झाले. या चकल्या सावंतांच्या घरात झाल्या."

मी तिला तश्शीच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पट्टा बांधला, फुगवला, सोडला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे वा, उतरलंय! कुठलं औषध सुरू केलंत?"

आईने हाताचं पीठ हळूच पदराला पुसलं.

मी सगळं सांगून टाकलं. ते हसले, पण मग आईला नीट दम दिला. "थोडंफार करा, मन रमवा. पण गोळी चुकवायची नाही. आणि दुपारी पाठ टेकायची म्हणजे टेकायची. झोप पाहिजे तुम्हाला."

"दुपारी?" आईने असं विचारलं, जसं काही त्यांनी तिला दरोडा घालायला सांगितलं होतं. "दिवसाढवळ्या?"

*

लक्ष्मीपूजन झालं. गच्चीवर सात तऱ्हेचा चिवडा खाऊन झाला. पण आईने दुपारी पाठ काही टेकली नाही. घरात असली की तिला काम दिसतं. मग तिला घरातून उचलणं हाच उपाय! भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी तिला आणि सावंतकाकूंना बसने बोरिवलीला नेलं आणि बोटीने गोराईला. तिथे तरी काय घासणार?

किनाऱ्यावर पोचल्याबरोबर काकू मासळी सुकत घातली होती तिकडे गेल्या आणि तिथल्या बायकांशी त्यांच्या गप्पा रंगल्या. आई सुरूच्या झाडाच्या सावलीत बसली. मग कलंडली. मग चक्क आडवी झाली.

मी विजयी मुद्रेने समुद्राकडे बघत बसले. थोड्या वेळाने मागे पाहिलं. आई तशीच होती. तोंड किंचित उघडं, एक हात वाळूत पसरलेला. आईला दिवसा झोपलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. अजून थोड्या वेळाने पाहिलं. तशीच. पदरावर एक मुंगी चढत होती आणि ती झटकत नव्हती.

मी धावले. तिचे खांदे धरून गदागदा हलवले. "आई! आई गं!"

ती दचकून उठली. "काय झालं? कोण आलं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "तू हलतच नव्हतीस."

आईने पदरावरची मुंगी झटकली. मग तिने माझा हात धरून मला खाली ओढलं, तिच्या शेजारी वाळूत आडवं केलं आणि माझ्या डोळ्यांवर आपला पदर टाकला.

"आता तू हलू नकोस," ती म्हणाली.