रविवारचा फळा

नाना गेल्याचा फोन पुण्याला आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. चुलतभाऊ अरविंद बोलत होता. सकाळचा चहा घेऊन जरा आडवे झाले ते उठलेच नाहीत, त्रास काही झाला नाही... मी नुसती 'हो, हो' म्हणत राहिले. मग काकू फोनवर आली. ती रडेल, म्हणून मी मनाची तयारी केली होती. ती म्हणाली, "कुमू, मतदार यादीतून नाव काढायला कुठला अर्ज लागतो ते तिथे कुणाला तरी विचारून ये. इथे मुलं म्हणतात, नंतर पाहून घेऊ. नंतर नाही चालायचं." नव्वदीला टेकलेला नवरा जाऊन दोन तास झालेले आणि या बाईला मतदार यादी सुचते, याचं माझ्या सुनेला फार नवल वाटलं. मला वाटलं नाही. मी त्या घरात वाढले आहे.

नाना, म्हणजे त्र्यंबक केशव दप्तरदार, हे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील लवकर गेले, म्हणून नानांनीच मला वाढवलं, ग्वाल्हेरला, लश्कर भागातल्या खासगी बाजार नावाच्या पेठेत. आजोबांचा जन्म दरबारच्या दप्तरात गेला होता. संस्थान विलीन झालं, मध्यभारत नावाचं नवं राज्य आलं, आणि आजोबांनी पगडी पेटीत ठेवून दिली. नाना वकील होते. पहिल्या निवडणुकीला ते उभे राहिले तेव्हा आजोबा म्हणाले, "आपण लोकांचे अर्ज घेणारी माणसं. आता दारोदार अर्ज करत फिरणार?" नाना हसले आणि सायकल काढून फिरायला निघाले. त्या सायकलची घंटा कधीच वाजत नसे, तिचं बाकी सगळं वाजत असे.

मतदानाच्या दिवशी काकू ठेवणीतलं चंदेरी नेसून, शेजारणींना घेऊन निघाली आणि अर्ध्या तासात एकटीच परत आली. कुणाशी न बोलता तिने लुगडं बदललं. यादीत तिच्या जागी 'त्र्यंबक केशव की पत्नी' असं लिहिलेलं होतं आणि त्यावर लाल रेघ मारलेली होती. जिला स्वतःचं नाव नाही तिला मत नाही, असा नियम झाला होता. चूक शोधायला लांब जावं लागलं नाही. यादी करणारा कारकून घरी आला होता तेव्हा आजोबा झोपाळ्यावर बसले होते. वडिलांसमोर बायकोचं नाव घ्यायचं कसं? नानांनी सांगितलं, "आणि हे आमचं कुटुंब." कारकुनाला त्यातून जे समजलं ते त्याने लिहिलं. शहरभर भाषणं देणाऱ्या माणसाची जीभ घरातल्या ओसरीवर अडखळली होती. जेवायला वाढताना काकू एवढंच म्हणाली, "अख्ख्या लश्करला मत द्या, मत द्या म्हणून सांगत फिरलात. घरात एक मत होतं, ते तुम्हालाच नको होतं का?" नानांचा घास हातातच राहिला. मी समोर बसले होते, मला अजून तो घास दिसतो.

नाना निवडून आले. हार झाले, पेढे झाले, आणि पहिल्याच रविवारी त्यांनी समोरच्या दर्जीच्या दुकानाच्या भिंतीवर एक शाळेचा जुना फळा टांगला. आमदाराने दर रविवारी लोकांना जबाब द्यायचा, असं त्यांनी प्रचारात कबूल केलं होतं. फळ्यावर तीन रकाने होते. काय विचारलं, काय उत्तर मिळालं, काय राहिलं. खाली 'आपला' म्हणून सही. विधानसभा अजून बसलीही नव्हती, तेव्हा विचारायला काही नव्हतं. पण तिसऱ्या रकान्यात त्यांना काहीतरी लिहायचं होतं. आदल्या दिवशी त्यांचे एक वकील मित्र येऊन समजावून गेले होते, "त्र्यंबक, तू जिंकून आला आहेस. आपणच म्हणायचं की यादी खराब होती? उद्या तो हरलेला निवडणूक रद्द करा म्हणून कोर्टात अर्ज ठोकेल, सीट जाईल हातातून. चुपचाप बस ना." नानांनी त्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी खडू घेतला.

त्यांनी लिहिलं : 'माझ्या संकोचामुळे माझ्या घरातलं एक मत बुडालं. आपल्या भागात अशी किती नावं खोडली गेली ते शोधायचं आहे. माझ्या पत्नीचं नाव यमुना आहे.' मग लिहिलेलं त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं, मराठीत आणि हिंदीत. आजोबा वर खिडकीत उभे होते. काकू दाराआड होती, आणि तिचं नाव भर बाजारात दोनदा घेतलं गेल्यावर तिने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. गर्दीतून हरलेल्या उमेदवाराची माणसं ओरडली, "तो फिर इस्तीफा दो!" नाना म्हणाले, "पहले लिस्ट ठीक होने दो. फिर उन्हीं औरतों से पूछ लेंगे, रखना है कि निकालना है." मला तेव्हा त्यांचा इतका अभिमान वाटला की मी टाळ्या वाजवायला लागले. एकटीच वाजवत होते. मग दर्जीने वाजवल्या.

आजोबा दोन दिवस नानांशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी काठी टेकत खाली उतरले, फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "अक्षर फार वाईट आहे तुझं. लोकांना वाचता यायला पाहिजे." पुढच्या रविवारपासून फळा आजोबा लिहू लागले. दरबारचे हुकूम ज्या वळणदार अक्षरात निघत, त्याच अक्षरात आता खासगी बाजारातल्या गटाराची हकीकत लिहिली जाऊ लागली. गावातल्याच मोतीमहालात विधानसभा भरायची, नाना प्रश्न विचारून यायचे, आणि मंत्र्यांचं उत्तर बहुतेक वेळा 'विचाराधीन' असायचं. तो शब्द फळ्यावर इतका काळ मुक्कामाला होता की गल्लीतली पोरं अभ्यास झाला का विचारलं तरी 'विचाराधीन' म्हणायची. काम झाल्याशिवाय तिसरा रकाना पुसायचा नाही, असा नानांचा नियम होता. मंत्र्यांना फळ्यावरचं कुणीतरी कळवत असणार, कारण शाळेचं गळकं छप्पर प्रश्नाने नव्हे, फळ्याने दुरुस्त झालं.

यादीचं काम मात्र माझ्याकडे आलं. मी इंटरला होते. बायका पुरुषाला नाव सांगणार नाहीत, म्हणून मी आणि काकू घरोघर फिरलो. "नाव सांगून काय होणार बाई, कशाला परेशान होते?" इथपासून सुरुवात व्हायची. काकू समोर बसायची, पदर सारखा करायची आणि सांगायची, "मी यमुना. माझं खोडलं होतं. तुमचं काय?" त्यापुढे कुणाचं काही चालत नसे. एका सुभेदाराच्या घरात सत्तरीच्या आजी होत्या, सगळं घर त्यांना सुभेदारीणबाई म्हणायचं. नाव विचारल्यावर त्यांना खरंच आठवावं लागत होतं. मग सुनेला बाहेर जायला सांगून माझ्या कानात म्हणाल्या, "चिमणा... चिमणाबाई लिही. आई म्हणायची." मी लिहिलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते आणि त्या मात्र हसत होत्या.

पुढे राज्यं नव्याने मांडली गेली, मध्यभारत मिटून मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. लश्करची माणसं मुलगी सासरी गेल्यासारखी हळहळली. त्याच सुमाराला दुसरी निवडणूक आली. त्या दिवशी केंद्रावर बायकांची रांग गल्लीच्या वळणापलीकडे गेली होती. चिमणाबाईंना नातवाने हाताला धरून आणलं होतं, आणि कारकुनाने नाव पुकारल्यावर त्या "हो, मीच" म्हणाल्या. काकूने तेच चंदेरी नेसलं होतं. नाना निवडून आले, पण या वेळी अगदी काठावर. रविवारी फळ्यावर त्यांनी लिहायला सांगितलं, 'मतदार वाढले, माझी मतं घटली. दोन्ही खरं आहे.' घरी मात्र ते काकूच्या मागे लागले, "अगं, तू तरी मला दिलंस ना?" काकू म्हणाली, "मत गुप्त असतं. तुम्हीच शिकवलंत." हे तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. पुढे ते भोपाळला जायचे आणि शनिवारच्या गाडीने परत यायचे. आमदारकी गेल्यावरही फळा सुटला नाही. मग ते निवडून आलेल्या दुसऱ्यांबद्दल लिहीत, आणि दर वेळी यादी आली की भिंग घेऊन मेलेल्यांची नावं शोधत. गेल्या दिवाळीत मला म्हणाले, "मी गेलो की आधी माझं नाव काढा. माझ्या नावावर कुणी मत देऊन गेलं तर मी वरून काय करणार?" मी त्यांना रागावले.

तेरावा झाल्यावर काकू आणि मी रिक्षाने इंदरगंजच्या निवडणूक कचेरीत गेलो. खिडकीतला तरुण भला होता. "अम्मा, आप क्यों आईं? अपने आप कट जाएगा," म्हणाला. काकू म्हणाली, "अपने आप कुछ नहीं कटता, बेटा. हमारा कटा था, जब नहीं कटना था." त्याने अर्ज पुढे ओढला. "पति का नाम?" मी तोंड उघडलं. काकूने साठाहून जास्त वर्षांत ते नाव उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं. 'अहो', 'हे', 'अरविंदचे बाबा', यावर तिचा सगळा संसार झाला होता. तिने माझा दंड धरला, फळ्याच्या त्या पहिल्या रविवारी धरला होता तसाच, आणि मला थांबवलं. मग खिडकीशी वाकून साऱ्या खोलीला ऐकू जाईल इतक्या स्वच्छ आवाजात ती म्हणाली, "त्र्यंबक केशव दप्तरदार."

दर्जीचा नातू आता घरासमोरच्या त्याच जागेत झेरॉक्सचं दुकान चालवतो, पण त्याने फळा हलवलेला नाही. परत येताना काकूने रिक्षा तिथे थांबवली आणि खडू मागितला. ती चार यत्ता शिकलेली, अक्षर मोठं आणि जरासं तिरकं. पहिल्या रकान्यात तिने लिहिलं, 'मयत मतदाराचं नाव कमी करावं.' दुसऱ्यात, 'अर्ज घेतला.' तिसऱ्यात थोडा विचार करून, 'नव्या यादीत बघणे.' मग 'आपला' पुसलं, 'आपली' लिहिलं, आणि खाली, सावकाश, पूर्ण नावाने सही केली. यमुना त्र्यंबक दप्तरदार.