हात न लागलेला बॉल

आकडेमास्तरला एका जागी स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. फोनवर बोलताना तो घरभर फिरायचा. जेवताना टेबलाखाली त्याचा गुडघा असा हलायचा की ग्लासातलं पाणी नाचायचं. बायको औषधांच्या दुकानात दिवसभर लोकांची दुखणी ऐकून आलेली असायची. ती त्याच्या गुडघ्यावर हात ठेवायची. हात उचलला की गुडघा पुन्हा सुरू.

विमा कंपनीतली चांगली नोकरी सोडून त्याने व्हॉलीबॉलच्या आकडेवारीचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं, तेव्हा सासरे नुसतं "बरं" म्हणाले होते. सासरे नुसतं बरं म्हणतात तेव्हा ते किती बरं असतं, हे जावयालाच कळतं. मागच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलाला खेटून त्याचं ऑफिस होतं. लिहिणारा तोच, विकणारा तोच आणि अडलं की बोलणी खाणाराही तोच. सामने बहुतेक रविवारी, म्हणून सगळ्या जगाची सुट्टी असताना याचा फोन तापलेला. कुठल्यातरी हॉलमधून कुणीतरी ओरडायचं की बटण दबत नाही, आणि हा विचारायचा, "चार्जिंग आहे का बघा आधी."

सॉफ्टवेअर तसं सोपं होतं. मैदानाच्या कडेला एकजण लॅपटॉप घेऊन बसतो. बॉलला ज्या मुलीचा हात लागला तिचा नंबर दाबायचा, तिने काय केलं त्याचं एक अक्षर, आणि जमलं की फसलं. सामना संपला की कोचच्या हातात तक्ता तयार. कुणाचाच हात न लागता बॉल पडला, तर चूक कुणा एकीची नाही, सगळ्या संघाची. खेळ चालू असताना दोष कुणाचा यावर वाद घालायला लॅपटॉपवाल्याला सवड कुठली? आकडेमास्तरने हा नियम अगदी सुरुवातीला ठरवला होता आणि पुन्हा त्याच्याकडे वळूनही पाहिलं नव्हतं.

त्याची एकुलती एक लेक हाच खेळ खेळायची आणि तिच्या क्लबच्या कोचबाई त्याच्या पहिल्या गिऱ्हाईक. समोरची सर्व्हिस उचलण्यात लेकीचे आकडे क्लबमध्ये सर्वांत चांगले होते. चुका जवळजवळ नाहीतच. बाप ते आकडे, ते कसे मोजले त्यासकट, जेवताना पुन्हा पुन्हा वाचून दाखवायचा आणि आई म्हणायची, "अहो, भाजी वाढून घ्या, आकड्यांनी पोट भरत नाही." मोठ्या स्पर्धेसाठी संघ निवडायचा होता. मागच्या रांगेत एकच जागा मोकळी, आणि त्या जागेसाठी दोघी: ही लेक आणि तिच्या शेजारी उभी राहणारी एक बुटकी पोरगी, जिला सगळ्या बेडकी म्हणायच्या. बेडकीचे आकडे वाईट होते. त्यामुळे निकाल घरात लागल्यातच जमा होता.

मध्येच लांबच्या गावातल्या एका कोचचा फोन आला होता. "साहेब, माझी सगळ्यात चांगली मुलगी तुमच्या तक्त्यात सगळ्यात खाली येते. काहीतरी गडबड आहे." आकडेमास्तरने ऐकून घेतलं, "बघतो" म्हणाला आणि मनात म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. पण कोचचं ते वाक्य चपलेत खडा राहावा तसं त्याला टोचत राहिलं. कोड उघडून पाहिलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. चूक सापडेना आणि चैनही पडेना.

शेवटी निवडीच्या आधीचा सामना बघायला तो स्वतः गेला, लॅपटॉप घरी ठेवून. इतकी वर्षं त्याने सामने पाहिले होते ते बोटांनी. बॉल कुणाकडे, कुठलं बटण, एवढंच. आज बोटं रिकामी होती, म्हणून डोळे मोकळे झाले.

सर्व्हिस आली, सरळ लेकीच्या डाव्या खांद्याकडे. लेकीने अर्धं पाऊल टाकलं आणि हात मागे घेतले. शेजारून बेडकी आडवी झेपावली. बोटांची टोकं लागून बॉल भिंतीकडे उडाला. कडेला लॅपटॉपवाल्याने बेडकीचा नंबर दाबला. फसलं. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. बेडकी पलीकडे गुंतलेली असताना एक बॉल लेकीच्या पुढ्यात कुणाचा हात न लागता पडला आणि संघाच्या नावावर गेला. तिसऱ्या वेळी तो उठून उभा राहिला. मागच्या बाईंनी "ओ, बसा की" म्हटलं तेव्हा त्याला आपण उभे आहोत हे कळलं. आपल्याच पोरीची त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली याचं त्याहून वाईट वाटलं.

गाडीत त्याने विचारलं, "ते बॉल तू का सोडलेस?"

लेक खिडकीबाहेर बघत साध्या आवाजात म्हणाली, "मिळाले नसते."

"बेडकी तर गेली."

"ती वेडी आहे. कशालाही जाते." मग ती म्हणाली, "बाबा, तूच सांगतोस ना जेवताना. हात लागला नाही तर चूक आपल्या नावावर पडत नाही."

घरी आल्यावर मागच्या खोलीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून मागच्या खोलीत अशा त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. लेक आंघोळीला गेल्याची संधी साधून त्याने बायकोला सगळं सांगितलं. न लागलेला बॉल कुणाचा होता तेही नोंदवायचं, आणि दुसरीच्या जागेतला बॉल उचलायला गेली तर चूक तिची नाही, एवढाच बदल. त्याच्यासाठी अर्ध्या दिवसाचं काम.

"मग करा की. पण निवड झाल्यावर करा," बायको म्हणाली. "चार दिवसांनी कुणाचं काय बिघडतंय?"

"बेडकीचं."

बायकोने ओट्यावरचं फडकं उचललं, पिळलं, पुन्हा तिथेच ठेवलं. "आपलेच दात आणि आपलेच ओठ," ती म्हणाली. "मला विचारू नका. मी आई आहे, मी चुकीचंच सांगणार."

दुसऱ्या दिवशी त्याने कोचबाईंना फोन लावला, कापला, पुन्हा लावला. सगळं एका दमात सांगून टाकलं. नियम चुकीचा आहे, त्यात फायदा कुणाचा झाला तेही.

"बेडकीला मी उद्या नाव कापल्याचं सांगणार होते," बाई म्हणाल्या. "या मोसमाचे व्हिडिओ पाठवते. नव्या नियमाने पुन्हा भरून द्या."

"मी? बाई, ती माझी मुलगी आहे. दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

"फोन तुम्हीच केलात ना? मग तुम्हीच भरा."

सकाळभर बसून त्याने नियम बदलला आणि दुपारी व्हिडिओ लावून तो इस्त्रीच्या टेबलाशेजारी बसला. पहिले काही बॉल सरळ होते. मग एक आला, दोघींच्या बरोबर मधोमध पडलेला. त्याने मागे नेऊन पाहिला, हळू करून पाहिला. हा बेडकीचाही म्हणता आला असता. कुणीही म्हटलं असतं, आणि बापाने म्हटलं तर कुणी हरकतही घेतली नसती. बोट बटणावर गेलं, परत आलं. तो उठला, खोलीत फिरला, पुन्हा बसला.

दारात लेक उभी होती. सकाळीच आईने तिला सगळं सांगितलं होतं. ती आत आली आणि स्क्रीनकडे बघू लागली. त्याला वाटलं, आता ही रडेल किंवा भांडेल. त्याने स्क्रीन झाकायला हात पुढे केला.

"राहू दे," ती म्हणाली. "परत लाव."

त्याने लावला. बॉल वरून आला, दोघींच्या मधे पडला, पडद्यावरची लेक हात मागे घेऊन उभी राहिली.

"माझा होता," लेक म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती स्क्रीनकडेच बघत होती, डोळे भरलेले, मान ताठ. त्याने तिचा नंबर दाबला. तिने इस्त्रीच्या टेबलाखालचं स्टूल ओढलं आणि ती त्याच्या शेजारी बसली.

"पुढचा लाव," ती म्हणाली. "तोपण माझाच आहे."